सहवासाची किंमत २९,००० पौंड

नवराबायकोने एका छपराखाली राहावे, आईने मुलाला कुशीत घेऊन निजावे, यासाठी कोणाची परवानगी लागत नाही अशी सर्वसाधारण माणसाची समजूत असते. ब्रिटनच्या गृहखात्याने ही समजूत खोटी ठरविली आहे आणि त्या परवानगीचा दरही जाहीर केला आहे. ११ एप्रिल २०२४ पासून तेथे असा नियम अमलात आला की, ब्रिटिश नागरिकास किंवा तेथे कायम वास्तव्य असलेल्या माणसास आपला परदेशी जोडीदार ब्रिटनमध्ये आणावयाचा असेल, तर त्याचे वार्षिक उत्पन्न किमान २९,००० पौंड असले पाहिजे. त्यापूर्वी, जुलै २०१२ पासून, हा आकडा १८,६०० पौंड होता आणि त्यावर पहिल्या परदेशी मुलामागे ३,८०० व पुढील प्रत्येक मुलामागे २,४०० पौंडांची भर पडत असे. किराणा दुकानातल्या भावफलकासारखी ही आकारणी. २०२४ मध्ये मुलांमागची आकारणी रद्द झाली हे खरे. पण मूळ दरच दहा हजारांहून अधिक पौंडांनी चढविल्यावर मुले फुकट दिली, या औदार्याचे कौतुक कोणी करावे?

हा आकडा कोणाला परवडतो आणि कोणाला नाही, हे पाहण्यासाठी अर्थशास्त्राचा पंडित असण्याची गरज नाही. एप्रिल २०२४ मध्ये ब्रिटनमधील प्रौढ कामगाराचे कायदेशीर किमान वेतन तासाला ११.४४ पौंड होते. आठवड्याला चाळीस तास, वर्षाचे बावन्न आठवडे, एकही दिवस बिनपगारी न जाऊ देता राबणाऱ्या कामगाराला त्या दराने वर्षाकाठी सुमारे २३,८०० पौंड मिळतात. पुढल्या वर्षी दर १२.२१ पौंड झाला; तरी बेरीज सुमारे २५,४०० वर थांबते. म्हणजे ज्या वेतनावर माणसाने जगावे असे त्या देशाचा कायदा एका हाताने सांगतो, त्याच वेतनावर त्याने संसार करू नये असे दुसऱ्या हाताने लिहून ठेवतो. दुकानातील विक्रेती, इस्पितळातील झाडूवाला, गोदामात खोकी वाहणारा, शाळेतील स्वयंपाकीण ही सारी माणसे कर भरतात, मते देतात. फक्त लग्न मात्र त्यांनी आपल्या ऐपतीच्या देशात करावे! स्त्रियांची मिळकत पुरुषांपेक्षा कमी आणि लंडनबाहेरच्या प्रांतांत पगार लंडनपेक्षा कमी. पण आकडा सर्वांना एकच. बायकोला किंवा नवऱ्याला परदेशात चांगली नोकरी असेल तर ते उत्पन्न हिशेबात धरावयाचे नाही. ब्रिटनमध्ये आल्यावर तिला मिळणाऱ्या संभाव्य नोकरीचाही विचार करावयाचा नाही.

या नियमाचे समर्थन असे केले जाते की, येणाऱ्या कुटुंबाचा बोजा करदात्यावर पडता कामा नये. युक्तिवाद मोठा सोज्वळ आहे. वस्तुतः जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्या माणसाला कायम वास्तव्याचा परवाना मिळेपर्यंत सरकारी साहाय्यनिधीतून मदत मागण्यास मनाई असते. परवाना मिळण्याची मुदत २०१२ मध्ये दोन वर्षांवरून पाच वर्षांवर नेण्यात आली. शिवाय सार्वजनिक आरोग्यसेवेचा अधिभार म्हणून, फेब्रुवारी २०२४ पासूनच्या दराने, प्रत्येक प्रौढास वर्षाला १,०३५ पौंड आगाऊ मोजावे लागतात. आणि नोकरी लागली की इतरांप्रमाणे कर भरावा लागतो तो वेगळाच. ज्याला मदत मागण्याचीच बंदी, त्याचा बोजा करदात्यावर कसा पडणार? बरे, उत्पन्न नसेल तर दुसरी वाटही ठेवलेली आहे: बँकेत ८८,५०० पौंड शिल्लक दाखवा आणि खुशाल बायको आणा. ही शिल्लक सहा महिने हातात असली की पुरे. ती वारशाने मिळाली, घरभाड्यातून साठली की दुसऱ्याच्या श्रमातून उभी राहिली, याने काही बिघडत नाही. २००८ पासून फेब्रुवारी २०२२ पर्यंत तर धनिक गुंतवणूकदारांसाठी स्वतंत्र व्हिसाच होता. प्रारंभी दहा लाख आणि २०१४ नंतर वीस लाख पौंड गुंतविणाऱ्यास बायकोमुलांसह ब्रिटनचे दार उघडे होते, आणि त्याला इंग्रजी येते की नाही हेही कोणी विचारीत नव्हते. सामान्य माणसाच्या नवऱ्याला अथवा बायकोला मात्र नोव्हेंबर २०१० पासून इंग्रजीची परीक्षा देऊनच विमानात पाय ठेवता येतो.

या नियमाचे मोल मुलांनी चुकविले. २०१५ मध्ये इंग्लंडच्या बालक-आयुक्तांनी प्रसिद्ध केलेल्या अहवालात सुमारे पंधरा हजार मुलांना या नियमांची झळ बसल्याचे म्हटले होते. त्यांतील बहुसंख्य मुले जन्माने ब्रिटिश. बाप पडद्यावर दिसतो, बोलतो, हात हलवितो आणि रात्र झाली की बंद होतो, अशा घरांना 'स्काइप कुटुंबे' हे नाव पडले. फेब्रुवारी २०१७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने, नियमांत मुलांच्या हिताचा विचार नीट केलेला नाही, असा ठपका ठेवला. पण किमान उत्पन्नाची अट मात्र तत्त्वतः वैध ठरविली. न्यायालयाला मुलांचे अश्रू दिसले, भावफलक खटकला नाही.

हे सारे २०१२ मध्ये आभाळातून पडले असे समजण्याचे कारण नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला ओतशाळांसाठी, कापडगिरण्यांसाठी, बससेवेसाठी हात हवे होते. पंजाब, गुजरात, मीरपूर, सिल्हेट येथून आणि वेस्ट इंडीजमधून ते आले. प्रारंभी बहुतेक पुरुष एकटे येत, चार वर्षे कमावून परत जात आणि त्यांच्या जागी भाऊ वा पुतण्या येई. १९६२ च्या राष्ट्रकुल स्थलांतर कायद्याने हे येणेजाणे रोखले. परत गेलो तर पुन्हा येता येणार नाही, या भयाने माणसे तेथेच राहिली आणि त्यांनी बायकामुलांना बोलावून घेतले. ज्या 'कुटुंबांच्या लोंढ्या'विरुद्ध पुढे इतका आरडाओरडा झाला, तो लोंढा त्या कायद्यानेच निर्माण केला होता.

मग लोंढा अडविण्याची साधने शोधण्यात आली. १९६९ च्या कायद्याने अवलंबितांना मायदेशीच प्रवेशपत्र घेणे सक्तीचे केले. नवराबायकोला आणि मुलांना वेगवेगळे बसवून घराविषयी, नातलगांविषयी, लग्नसमारंभाविषयी बारीकसारीक प्रश्न विचारावयाचे आणि उत्तरे जुळली नाहीत की नाते खोटे ठरवावयाचे, अशी ही पद्धत होती. (आपल्यापैकी किती विवाहित पुरुषांना स्वतःच्या लग्नाची तीथ न चुकता सांगता येईल?) मुलांच्या हाडांची क्ष-किरण छायाचित्रे काढून वय ठरविण्याचा प्रकारही त्या काळात चालला. जानेवारी १९७९ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर आपल्या नियोजित वराकडे आलेल्या एका पस्तीस वर्षांच्या भारतीय शिक्षिकेची 'कौमार्य चाचणी' करण्यात आली. वाग्दत्त वधूला आगाऊ प्रवेशपत्र लागत नसे आणि विवाहितेला लागत असे. म्हणून ती खरोखर अविवाहित आहे किंवा नाही हे अधिकाऱ्यांना तिच्या शरीरावरून ठरवावयाचे होते! हा अपवादात्मक प्रकार होता असे भासविण्याचा प्रयत्न झाला. परंतु पुढे २०११ मध्ये संशोधकांनी सरकारी दफ्तरांतून असे ऐंशीहून अधिक प्रकार उजेडात आणले. त्यांतील बहुसंख्य स्त्रियांची तपासणी तर भारताच्या भूमीवर, ब्रिटिश वकिलातीच्या कचेरीतच झालेली होती.

अन्वर दित्ता या बाईंची हकिगत त्या पिढीतील ब्रिटनमधील आशियाई कामगार अजून विसरलेले नाहीत. बाईंचा जन्मच बर्मिंगहॅमचा. लग्न पाकिस्तानात झाले, तिथे तीन मुले झाली आणि ती मुले तेथे ठेवून त्या ब्रिटनला परतल्या. मुलांना बोलावू लागल्या तेव्हा गृहखात्याने सांगितले की, ही मुले तुमची नव्हेतच. सभा झाल्या, मोर्चे निघाले, कामगार संघटना पाठीशी उभ्या राहिल्या. आणि १९८१ मध्ये ग्रॅनडा दूरचित्रवाणीने रक्तचाचण्या करवून मातृत्व सिद्ध केल्यानंतरच सरकार नमले. आईने आई असल्याचा पुरावा द्यावा आणि तो खासगी दूरचित्रवाणी कंपनीने मिळवून द्यावा, ही त्या प्रगत लोकशाहीची रीत! चारच वर्षांनी लेस्टरच्या अलेक जेफ्रीज यांनी शोधलेली डीएनए ठशांची पद्धत प्रथम व्यवहारात आली, तीही खुनाच्या तपासात आलेली नाही. घानाहून परतलेला एक मुलगा आपल्याच आईचा आहे, हे गृहखात्याला पटवून देण्यासाठी ती वापरावी लागली.

पुरुषांसाठी वेगळा सापळा होता. १९८० च्या नियमांनी 'विवाहाचा प्रमुख हेतू' ही अट आणली. ब्रिटनमधील मुलीशी लग्न करणाऱ्या भारतीय उपखंडातील तरुणाने, माझ्या लग्नाचा प्रमुख हेतू ब्रिटनमध्ये राहणे हा नाही, असे सिद्ध करावयाचे. मनात नसलेली गोष्ट मनात नाही हे सिद्ध कसे करावयाचे, ते नियमात लिहिलेले नव्हते. तुमच्याकडे मुलगी सासरी जाते, मग तुम्ही मुलीच्या घरी का निघालात, असा प्रश्न अधिकारी करीत. म्हणजे आपल्या पुरुषप्रधान रूढीचे रक्षणही साहेबच करणार! १९८५ च्या मे महिन्यात स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने तीन स्त्रियांच्या दाव्यात निकाल दिला की, पुरुषांना बायको आणता येते आणि स्त्रियांना नवरा आणता येत नाही, हा लिंगभेद आहे. सरकारने निकाल शिरसावंद्य मानला आणि समता प्रस्थापित केली. कशी? स्त्रियांना सवलत देऊन नव्हे. पुरुषांच्या बायकांनाही तीच जाचक कसोटी लावून! राहिलेसाहिले १९८८ च्या कायद्याने पुरे केले. १९७३ पूर्वी येऊन स्थायिक झालेल्या राष्ट्रकुलातील पुरुषांना बायकामुले आणण्याचा जो हक्क १९७१ च्या कायद्याने राखून ठेवला होता, तो काढून घेण्यात आला.

'प्रमुख हेतू'ची अट १९९७ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने रद्द केली, याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पण त्यानंतर जे घडले ते लक्षपूर्वक पाहिले पाहिजे. कातडीच्या रंगावरून कुटुंब तोडणे विसाव्या शतकाच्या अखेरीस अप्रतिष्ठित झाले. रंगाविषयी बोलण्याची सोय उरली नाही. तेव्हा पगाराविषयी बोलणे सुरू झाले. पगाराची अट ही दिसावयास निःपक्षपाती असते. ती गोऱ्याकाळ्याला समान लागते, आणि खरोखरच अनेक गोरे ब्रिटिश कामगारही आपल्या ब्राझिलियन किंवा थाई पत्नीपासून तिच्यामुळे दुरावले. वंशद्वेषाने धरलेला चाबूक शेवटी आपल्याही कामगाराच्या पाठीवर पडतो, हे ब्रिटनमधील श्रमिकवर्गाला कळावयास उशीर लागला.

मार्च २०२४ मधील दुसऱ्या एका नियमाने तर उरलासुरला पडदाही फाडला. ब्रिटनमधील वृद्धांची आणि पंगूंची शुश्रूषा करणाऱ्या संस्थांना कामगार मिळेनात, कारण पगार अल्प आणि काम जिवावरचे. म्हणून फेब्रुवारी २०२२ मध्ये परदेशी शुश्रूषा-कामगारांना व्हिसा खुला करण्यात आला. भारत, नायजेरिया, झिम्बाब्वे येथून माणसे गेली. अनेकांनी दलालांना लाखो रुपये मोजले. सप्टेंबर २०२३ ला संपलेल्या वर्षात असे सुमारे एक लाख कामगार आले आणि त्यांच्याबरोबर सुमारे एक लाख वीस हजार कुटुंबीय आले, असे सरकारने जाहीर केले. म्हणजे दर माणशी सव्वा माणूस: एखादा नवरा, एखादे मूल. एवढ्यावरून आकांत झाला आणि ११ मार्च २०२४ पासून नव्याने येणाऱ्या शुश्रूषा-कामगारांना बायकोमुले आणण्यास बंदी झाली. कामगार मात्र हवेतच होते! साहेबाच्या आईला आंघोळ घालण्यासाठी केरळातल्या किंवा महाराष्ट्रातल्या कोणा तरुण आईने जावे. तिच्या स्वतःच्या तान्ह्याला कोणी आंघोळ घालावी, हा प्रश्न ब्रिटनच्या अखत्यारीत येत नाही. त्याच वेळी पुण्याहून लंडनला जाणारा संगणक अभियंता पत्नी आणि दोन मुले घेऊन बिनदिक्कत जाऊ शकत होता. दोघेही भारतीय, दोघेही ब्रिटनच्या गरजेपोटी बोलावलेले. पण एकाचा पगार कुटुंबासह माणूस म्हणून वागविण्याइतका, आणि दुसरीचा नाही.

हे हुजूर पक्षाचे पाप, असे म्हणून सुटका करून घेण्याची संधीही आता राहिलेली नाही. किमान उत्पन्न ३८,७०० पौंडांपर्यंत नेण्याचा हुजूर पक्षाचा बेत होता. जुलै २०२४ मध्ये सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाने तो थांबविला आणि प्रश्न सल्लागार समितीकडे सोपविला. जून २०२५ मध्ये समितीने ३८,७०० चा आकडा नाकारला आणि २९,००० पेक्षा कमी आकड्यांचे पर्यायही पुढे ठेवले. परंतु शुश्रूषा-कामगारांवरील बंदी उठली नाही. जुलै २०२५ मध्ये त्यांची परदेशातून नवी भरतीच बंद करण्यात आली आणि मध्यम कौशल्याच्या ज्या व्यवसायांना तात्पुरती मुभा राहिली, त्यांतील नव्या कामगारांनाही कुटुंब आणण्यास मनाई झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये तर निर्वासितांच्या कुटुंबीयांचे नवे अर्ज घेणेच स्थगित करण्यात आले. केअर हार्डीच्या पक्षाची ही करणी आहे!

आपले काही समाजवादी मित्र विचारतील, परदेशी जाणाऱ्यांसाठी आपण का झुरावे? ते डॉलर-पौंडांच्या मोहाने जातात. येथला कामगार काय कमी दुःखी आहे? दुसरे म्हणतील, बाहेरून आलेल्या मजुरांमुळे वेतन घसरते, तेव्हा निर्बंध हे कामगारहिताचेच आहेत. या दुसऱ्या आक्षेपाला उत्तर देणे सोपे आहे. वेतन घसरते ते माणूस एकाकी, भयग्रस्त आणि मालकाच्या व्हिसाला बांधलेला असतो तेव्हा. ज्याची मुले गावच्या शाळेत जातात, ज्याची बायको शेजारणींशी बोलते, तो माणूस त्या गावचा होतो. तो संघटनेची वर्गणी भरतो आणि अन्यायाविरुद्ध उभा राहतो. १९७६ ते १९७८ या काळात उत्तर लंडनमध्ये ग्रनविक या छायाचित्र धुण्याच्या कारखान्यात झालेला संप आठवावा. त्याचे नेतृत्व केले जयाबेन देसाई यांनी, आणि त्यांच्यामागे उभ्या राहिल्या त्या साडी नेसणाऱ्या गुजराती स्त्रिया, पूर्व आफ्रिकेतून आपल्या कुटुंबाबरोबर आलेल्या. स्थलांतराच्या कायद्यात अशा स्त्रियांना 'अवलंबित' म्हणतात. दोन वर्षे पोलिसांच्या कड्यासमोर उभे राहून त्यांनी ब्रिटनच्या खाणकामगारांना आपल्या पाठीशी आणले. कुटुंबावाचून आलेला मजूर हा मालकाला स्वस्त पडतो, कारण त्याच्या मुलांच्या अन्नाचा, शिक्षणाचा, आजारपणाचा आणि पुढे त्याच्या स्वतःच्या म्हातारपणाचा खर्च दुसऱ्याच कुठल्या गावाने उचललेला असतो.

पहिल्या आक्षेपाचे उत्तरही त्यातच आहे, आणि ते आपल्या घरचेच आहे. मुंबईच्या गिरणधंद्याने शंभर वर्षे हाच व्यवहार केला. रत्नागिरी-साताऱ्याचा गडी गिरणगावातल्या एका खोलीत दहाबारा जणांबरोबर पाळीपाळीने निजला, खानावळीत जेवला आणि बायकोमुलांना मनीऑर्डर पाठवीत राहिला. मालकाने त्याला एकट्याच्या पोटापुरते दिले. संसाराचा भार कोकणातल्या खडकाळ वाफ्याने आणि त्यात राबणाऱ्या बाईने वाहिला. भांडवलाला कुटुंबाविषयी वैर आहे असे मात्र समजू नये. बीड जिल्ह्यातून साखर कारखान्यांच्या फडावर जाणारे ऊसतोड मजूर पाहा. तेथे मुकादम उचल देतो ती जोडीला. नवरा आणि बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. तेथे बायको सोबत हवीच असते, कारण मोळी बांधावयाला आणि डोक्यावरून वाहावयाला दुसरे हात लागतात. मुलेही येतात आणि शाळा सुटते. एकीकडे कुटुंब जवळ असू नये ही सक्ती, दुसरीकडे कुटुंब जुंपलेच पाहिजे ही सक्ती. दोन्हीकडे निर्णय घेणारा मालकच. बायकामुलांना जवळ ठेवावे की नाही, हे कामगाराने स्वतः ठरवावे, यासाठी गिरणगावात आणि उसाच्या फडात आपण जर भांडत असू, तर तोच माणूस विमानात बसला की त्याचा हक्क विमानतळावर ठेवून जातो असे म्हणता येणार नाही.

आणि या व्यवहारात दिल्लीचे सरकार केवळ प्रेक्षक नाही. मे २०२१ मध्ये भारत व ब्रिटन यांच्यात स्थलांतरविषयक भागीदारी झाली. तिच्यातून निघालेल्या 'तरुण व्यावसायिक' योजनेचा मोठा गाजावाजा झाला: अठरा ते तीस वयाच्या तीन हजारांपर्यंत पदवीधरांना दर वर्षी दोन वर्षांचा व्हिसा. तिची एक अट अशी की, ज्याच्याजवळ अठरा वर्षांखालील मूल राहते किंवा ज्याच्यावर अशा मुलाच्या पोषणाची जबाबदारी आहे, त्याने अर्जच करावयाचा नाही. २४ जुलै २०२५ रोजी व्यापार करारावर सह्या झाल्या. त्या वाटाघाटींत, तात्पुरते पाठविलेल्या भारतीय कर्मचाऱ्यांना आणि त्यांच्या मालकांना तीन वर्षे ब्रिटनमधील सामाजिक विम्याची वर्गणी भरावी लागू नये, अशी सवलत मिळविण्यात आली. आपल्या सॉफ्टवेअर कंपन्यांचे कोट्यवधी रुपये त्यामुळे वाचतील. कंपन्यांसाठी एवढी घासाघीस करणाऱ्या सरकारने मुलांविषयीच्या त्या अटीला आक्षेप घेतला होता काय, आणि घेतला असेल तर त्याचे उत्तर काय मिळाले, हे आपल्या खासदारांनी संसदेत विचारले पाहिजे. विचारतानाच जानेवारी २०२१ मध्ये जपानशी झालेला करारही पटलावर मागवावा. त्या करारान्वये आपल्या शुश्रूषा व बांधकाम कामगारांना ज्या पहिल्या श्रेणीत घेतले जाते, तिची मुदत पाच वर्षे आहे, आणि त्या पाच वर्षांत बायको वा मूल नेता येत नाही.